हात लावला की चालतं

ज्यांचे बालपण १९८० च्या दशकात गेले, त्यांना गच्चीवरचा अँटेना नक्की आठवत असेल. एक जण वर अँटेनाच्या काठीपाशी, एक जण जिन्यात आणि बाकीचे घर टीव्हीसमोर. वरून प्रश्न यायचा, “आलं का?” खालून जिन्यामार्फत उत्तर जायचे, “आलं, आलं! आता सोड!” आणि वरच्याने हात सोडला की चित्रात पुन्हा मुंग्या. तो धरून उभा असेपर्यंत चित्र स्वच्छ असायचे. म्हणजे छायागीत सगळ्या घराला दिसायचे, फक्त अँटेना धरणाऱ्याला सोडून.

तेव्हा आम्ही त्यावर हसायचो. पुढे इलेक्ट्रॉनिक्सच्या दुरुस्तीच्या आणि जोडणीच्या कामात पडलो, तेव्हा हेच वाक्य वेगवेगळ्या तोंडून ऐकू येऊ लागले. “हात लावला की चालतं, सोडलं की बंद.” गिऱ्हाईक ते तक्रार म्हणून सांगते, कारागीर नशिबाला दोष देत सांगतो. मला मात्र हळूहळू कळत गेले की हे वाक्य एका मोठ्या प्रश्नाचे घरगुती रूप आहे. वेगाने बदलणारा विद्युत-संकेत मोजायला आपण हातात प्रोब धरतो, त्या क्षणी प्रोब, त्याची तार आणि काही प्रमाणात आपला हातसुद्धा त्या मंडलाचा भाग होतो. मग पडद्यावर जे दिसते ते मंडलाचे असते की आपले?

हा लेख त्या प्रश्नाविषयी आहे. मी या विषयाचा पदवीधर नाही. जे शिकलो ते जुन्या पुस्तकांतून, बुधवार पेठेतल्या आणि लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानांतून उचललेल्या वापरलेल्या उपकरणांतून आणि स्वतःच्या चुकांतून. त्यांतली एक चूक माझ्यापुरती राहिली नाही, म्हणून तीही सांगणार आहे.

तांब्याच्या वाटेवरचा वेग

कोणतेही इलेक्ट्रॉनिक यंत्र उघडले की आत हिरवी पाटी दिसते. धंद्यात तिला पीसीबी किंवा नुसते बोर्ड म्हणतात. साधारण १.६ मिलिमीटर जाडीचा, काचतंतू आणि इपॉक्सी यांचा थर. त्यावर बहुधा ३५ मायक्रॉन जाडीचे तांबे. या तांब्याच्या वाटांवरून संकेत धावतात. प्रकाश पोकळीत एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, सुमारे ३० सेंटिमीटर जातो. बोर्डवरचा संकेत त्याच्या निम्म्या वेगाने जातो, म्हणजे नॅनोसेकंदाला साधारण १५ सेंटिमीटर. लहान मुलाच्या फूटपट्टीएवढे अंतर. घरातल्या दिव्याच्या तारेत या विलंबाचा विचार कोणी करत नाही, करायची गरजही नाही. बोर्डवर मात्र एका संकेताचा उतार संपायच्या आत दुसऱ्या टोकाला काय घडले, हा प्रश्न खरोखरीचा होतो.

घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तने पूर्ण करते, म्हणून तिची वारंवारता ५० हर्ट्झ. एफएम रेडिओ १०० मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो. तिथे सेकंदाला १० कोटी आंदोलने होतात. आता एक गोष्ट नवशिक्याला हमखास फसवते. बोर्डवरचे घड्याळ, म्हणजे सगळ्या चिपांना ताल देणारा चौकोनी संकेत, समजा १० मेगाहर्ट्झचा आहे. मग १० मेगाहर्ट्झपर्यंतचे मोजता आले की पुरे, असे वाटते. पण चौकोनी लाट एका स्वराची नसते. फूरियेने दाखवल्याप्रमाणे ती मूळ वारंवारता आणि तिच्या तिप्पट, पाचपट, सातपट अशा अनेक लाटांची बेरीज असते. कडा जितकी उभी, तितक्या वरच्या लाटा तिच्यात जास्त. व्यवहारात एक सोपा ठोकताळा वापरतात: ०.३५ ला कडा चढायला लागणाऱ्या वेळाने भागावे. एक नॅनोसेकंदात चढणारी कडा असेल तर उत्तर येते ३५० मेगाहर्ट्झ. ताल दहाचा, पण कडेतला मजकूर साडेतीनशेचा. तबल्याचा ठेका संथ असला तरी थापेचा आवाज टणत्कारीच असतो, तसे.

म्हणून जुन्या, सावकाश चिपेच्या जागी त्याच नंबरची नवी, चपळ चिप बसवली की कधीकधी चांगले चालणारे बोर्ड रुसते. ताल तोच असतो, कडा बदललेली असते.

पडद्यावरची रेघ

विद्युत-संकेत डोळ्यांना दिसावा म्हणून जे उपकरण वापरतात, त्याला आपल्याकडे अजूनही जुन्या सवयीने सीआरओ म्हणतात. आता त्यात काचेची नळी नसली तरी. त्या नळीचा जनक जर्मन भौतिकशास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राउन. १८९७ मध्ये त्याने इलेक्ट्रॉनांच्या झोताने संकेताचे चित्र पडद्यावर उमटवून दाखवले. १९०९ चे भौतिकशास्त्राचे नोबेल त्याला मार्कोनीबरोबर विभागून मिळाले, पण ते बिनतारी संदेशाच्या कामासाठी. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये हॉवर्ड व्होलम आणि जॅक मर्डॉक यांनी टेक्ट्रॉनिक्स ही कंपनी काढली. संकेताच्या ठरावीक बिंदूवर रेघ सुरू करण्याची, म्हणजे ट्रिगरची, भरवशाची सोय असलेले त्यांचे स्कोप जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचले.

स्कोपबद्दल लोक खूप बोलतात. किती मेगाहर्ट्झचा, किती चॅनेलचा, पडदा केवढा. त्याच्या तोंडाशी जोडलेल्या पेनासारख्या प्रोबबद्दल फारसे कोणी विचारत नाही. वास्तविक संकेत आधी प्रोबमधून जातो. चहाची चव गाळण्याने बिघडवली तर कपाची किंमत काय करायची?

नेहमीच्या प्रोबवर ‘दहा एक्स’ असे लिहिलेले असते. त्याच्या टोकात ९ मेगाओमचा रोध बसवलेला असतो आणि स्कोपच्या आत १ मेगाओमचा. दोन्ही मिळून १० मेगाओम. संकेताचा दहावा भाग स्कोपला मिळतो, पण मोजल्या जाणाऱ्या मंडलावर भार फारच कमी पडतो. ९ मेगाओमच्या रोधाला समांतर एक छोटा कपॅसिटर असतो आणि तारेच्या व स्कोपच्या कपॅसिटन्सशी त्याचा मेळ बसवावा लागतो. त्यासाठी प्रोबवर बारीक स्क्रू असतो. स्कोपवरच्या साधारण १ किलोहर्ट्झच्या चौकोनी लाटेला टोक लावायचे, कडा गोल दिसली किंवा शिंग फुटलेली दिसली तर स्क्रू फिरवून सपाट करायची. तंबोरा लावण्यासारखेच हे काम आहे आणि बैठकीआधी प्रत्येक वेळी करायचे आहे. मी किती तरी कार्यशाळांत पाहिले आहे, की प्रोब विकत घेतल्यापासून तो स्क्रू कोणी फिरवलेलाच नसतो.

दहा मेगाओम कुठे गेले?

प्रोबच्या माहितीपत्रकात आणखी एक आकडा बारीक अक्षरात असतो: टोकाचा कपॅसिटन्स. नेहमीच्या प्रोबला तो १० ते १५ पिकोफॅरड असतो. हिशोबाला १० धरू. कपॅसिटरचा गुण असा, की स्थिर दाबाला तो वाट देत नाही, पण संकेत जितका वेगाने बदलेल तितकी त्याची वाट मोकळी होते. १० पिकोफॅरडचा अडथळा १ किलोहर्ट्झला सुमारे १६ मेगाओम असतो. १ मेगाहर्ट्झला तो १६ किलोओमवर येतो. १०० मेगाहर्ट्झला १६० ओम. ५०० मेगाहर्ट्झला ३२ ओम.

म्हणजे माहितीपत्रकावर ठळक छापलेले १० मेगाओम स्थिर दाबापुरते खरे. वारंवारता चढत गेली की तोच प्रोब मंडलाच्या गळ्यात पडलेला बोजा होतो. नळाला तोंड लावून पाण्याचा दाब किती ते पाहायचे आणि पाहताना बादलीभर पाणी ओढून घ्यायचे, असा प्रकार.

मात्र उलटेही घडते आणि तिथे ते गच्चीवरचे वाक्य भेटते. एका दूध संकलन केंद्रावरचा इलेक्ट्रॉनिक काटा माझ्याकडे आला होता. अधूनमधून आपोआप शून्यावर जायचा. शेतकऱ्याच्या किटलीचे वजन अर्धे दिसले तर त्याचे पैसे जातात, त्यामुळे तक्रार गंभीर होती. मी संशय असलेल्या पिनेला प्रोब लावला आणि काटा तासभर बिनचूक चालला. प्रोब काढला, दहा मिनिटांत शून्य. तीन वेळा असेच. मग डोक्यात प्रकाश पडला. ती पिन कुठेच बांधलेली नव्हती; तिला जमिनीशी जोडणारा रोध जोडणीत राहून गेला होता. सुटी पिन हवेतला गोंगाट उचलते आणि चिपला वाटते की कोणी बटण दाबले. माझ्या प्रोबचे १० मेगाओम तिला तेवढ्यापुरते जमिनीशी बांधून ठेवत होते. १० किलोओमचा एक रोध, किंमत काही पैसे, डाग दिला आणि काटा परत गेला. “हात लावला की चालतं” या वाक्यात रोगाचे निदान लपलेले असते. हात लावल्याने कोणती गोष्ट जोडली गेली, एवढेच शोधायचे.

काळी तार

आता माझी चूक.

प्रोबला दोन टोके असतात. एक अणकुचीदार टीप. दुसरी बाजूने निघालेली काळी तार आणि तिच्या टोकाला मगरीचा जबडा, म्हणजे क्रोकोडाइल क्लिप. वीज जाते तशी परत यावी लागते, म्हणून ही तार बोर्डच्या ग्राउंडला लावायची. सोयीसाठी ती चांगली १५ सेंटिमीटर लांब असते. एकदा क्लिप कुठेतरी अडकवली की टीप बोर्डभर फिरवता येते. सगळे असेच करतात. मीही वर्षानुवर्षे तसेच केले.

भोसरीकडच्या एका छोट्या कारखान्यात मी तपासणीचे काम करत होतो. पॅकिंग यंत्राचे नियंत्रण करणारे नवे बोर्ड तयार झाले होते. आराखडा एका तेवीस वर्षांच्या, डिप्लोमा झालेल्या मुलाने केला होता. हे त्याचे पहिले स्वतंत्र काम. मी प्रोब लावला आणि पडद्यावर भयंकर चित्र आले. ५ व्होल्टचा संकेत कडेला ७ पर्यंत उसळत होता, खाली उतरताना शून्याच्या खाली २ व्होल्ट जात होता आणि मग थरथरत शांत होत होता. घंटेवर टोला पडल्यावर ती घुमते तसे. आमच्या भाषेत रिंगिंग. मी अहवाल लिहिला: मांडणी सदोष, संकेतात घुमारा, चिपा जळण्याचा धोका.

मुलाने सोळा ओळींमध्ये ३३ ओमचे रोध घातले. मी पुन्हा मोजले. घुमारा बराच कमी झाला होता. म्हणजे निदान बरोबर, असे मी म्हणालो. तयार असलेली पन्नास बोर्डे बाजूला पडली, नवी छापून आणावी लागली, माल उशिरा गेला. मालकांनी सगळ्यांसमोर त्या मुलाला सुनावले. सहा महिन्यांनी त्याने नोकरी सोडली.

तीन वर्षांनी एका रात्री वेगळ्याच बोर्डवर मोजताना माझी टीप चुकून क्लिपच्या शेजारच्याच ग्राउंडला टेकली. तिथे पडद्यावर सपाट रेघ दिसायला हवी. टीप आणि क्लिप दोन्ही एकाच ठिकाणी, मग मोजायला उरले काय? पण रेघ थरथरत होती. अर्ध्या व्होल्टचा घुमारा, हुबेहूब ओळखीचा. मी बराच वेळ तसाच बसलो.

कारण समजायला अवघड नाही. कोणत्याही तारेला इंडक्टन्स असतो, म्हणजे प्रवाहातल्या बदलाला आळस. ठोकताळ्याने तो मिलिमीटरला सुमारे १ नॅनोहेन्री. १५ सेंटिमीटरच्या तारेला झाले १५० नॅनोहेन्री. टोकाला १० पिकोफॅरडचा कपॅसिटन्स आहेच. इंडक्टन्स आणि कपॅसिटन्स एकत्र आले की झोका तयार होतो आणि प्रत्येक झोक्याला आपली ठरावीक लय असते. या जोडीची लय येते १३० मेगाहर्ट्झच्या आसपास. बोर्डच्या दोन नॅनोसेकंदांच्या कडेत १७५ मेगाहर्ट्झपर्यंतचा मजकूर होता, म्हणजे झोक्याला धक्का द्यायला पुरेपूर. प्रत्येक कडेला माझीच काळी तार घुमत होती आणि मी ते त्या मुलाच्या नावावर लिहीत होतो. शिवाय तार आणि टीप मिळून एक वेटोळे तयार होते आणि ते शेजारच्या प्रवाहांचे चुंबकीय क्षेत्र उचलते, छोट्या अँटेनासारखे. टीप ग्राउंडला टेकवल्यावर दिसलेला घुमारा मुख्यतः तो होता.

आणि ३३ ओमच्या रोधांनी घुमारा कमी का झाला? कारण ते रोध माझ्या तारेच्या झोक्याच्या वाटेतही आले आणि त्यांनी त्याला वेसण घातली. उपाय लागू पडला म्हणजे निदान खरे, असे आपण वैद्यकातही मानतो आणि इथेही. तिथेच मी फसलो. बोर्ड बहुधा पहिल्यापासून निरोगी होते. मी माझा रोग बरा करून घेतला आणि बिल त्याला लावले.

नंतर मी कपाटातून ते जुने, पहिले बोर्ड काढले. प्रोबच्या डबीत एक बारीक स्प्रिंग येते. बहुतेक जण ती हरवतात किंवा तिचा उपयोग काय हे विचारत नाहीत. टिपेवरची हुकाची टोपी काढायची, आतल्या धातूच्या कड्यावर ही स्प्रिंग चढवायची आणि तिचे टोक टिपेच्या शेजारीच ग्राउंडला टेकवायचे. परतीची वाट १५ सेंटिमीटरवरून १ सेंटिमीटरवर येते. लय १३० वरून ५०० मेगाहर्ट्झपर्यंत वर जाते आणि दोन नॅनोसेकंदांची कडा तिला फारशी हलवू शकत नाही. मी मोजले. उसळी जवळपास नाहीशी झाली होती. कडेवर एक लहानसा उंचवटा, बस.

हजार ओमचा घरगुती प्रोब

स्प्रिंगने तारेचा प्रश्न सुटतो, टोकाच्या १० पिकोफॅरडचा नाही. त्यावर एक जुना, स्वस्त आणि विलक्षण चांगला उपाय आहे. हॉवर्ड जॉन्सन आणि मार्टिन ग्रॅहम यांच्या १९९३ च्या वेगवान डिजिटल आराखड्यांवरील पुस्तकातही असा घरी करायचा प्रोब दिला आहे. ५० ओमची बारीक कोअॅक्सियल तार घ्यायची. एका टोकाला मधल्या तारेवर १ किलोओमचा छोटा रोध कथलाने जोडायचा. रोधाचे दुसरे टोक म्हणजे टीप. बाहेरच्या जाळीला अगदी आखूड तुकडा जोडून तो ग्राउंडसाठी ठेवायचा. तारेचे दुसरे टोक स्कोपला, आणि स्कोप ५० ओमवर ठेवायचा. झाला प्रोब. खर्च एका जेवणाच्या थाळीइतका.

हिशोब सोपा आहे. संकेताला दिसतात १००० अधिक ५०, म्हणजे १०५० ओम. स्कोपला मिळतो त्यातला ५० ओमवरचा भाग, म्हणजे एकविसावा. नेमका विसावा हवा असेल तर ९५० ओमचा रोध घ्यावा. १०५० ओम हे १० मेगाओमपुढे क्षुल्लक वाटतात आणि इथेच गंमत आहे. हा भार वारंवारतेबरोबर फारसा बदलत नाही. छोट्या रोधाचा स्वतःचा कपॅसिटन्स अर्ध्या पिकोफॅरडच्या आसपास असतो. ५०० मेगाहर्ट्झला नेहमीचा प्रोब ३२ ओमचा बोजा टाकतो तेव्हा हा घरगुती प्रोब त्याच्या कितीतरी पट हलका राहतो. दोघांची बरोबरी कुठे होते, ते मी काढून पाहिले: १५ मेगाहर्ट्झच्या जवळपास. त्याच्या खाली दुकानातला प्रोब हलका, वर घरातला.

पण फुकट काहीच नसते. हा प्रोब स्थिर दाबालाही १०५० ओमच दाखवतो. ५ व्होल्टच्या ओळीतून तो जवळजवळ ५ मिलिअँपिअर ओढतो. दणकट चिपेला ते झेपते. पण ४.७ किलोओमच्या रोधाने वर धरलेली नाजूक ओळ असेल, तर ती ५ व्होल्टवरून १ व्होल्टच्याही खाली येते आणि यंत्र बंद पडते. तेव्हा कुठे काय वापरायचे हे आधी ठरवावे लागते.

ज्यांना परवडते ते अॅक्टिव्ह प्रोब वापरतात. त्याच्या टोकातच ट्रान्झिस्टरचे छोटे वर्धक असते, कपॅसिटन्स १ पिकोफॅरडच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. किंमत मात्र एखाद्या चांगल्या स्कोपएवढी होऊ शकते आणि जास्त दाब लागला किंवा अंगावरच्या स्थिर विजेची ठिणगी बसली की तो गेलाच. ठिणगीच्या चाचणीत माणसाचे शरीर १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर धरतात, हे इथे लक्षात ठेवण्याजोगे. बोर्डजवळ आपण बोट नेतो तेव्हा तो कपॅसिटर जवळ नेत असतो.

एक इशारा इथे द्यायलाच हवा. प्रोबची काळी क्लिप स्कोपच्या आतून भिंतीतल्या अर्थिंगला जोडलेली असते. चार्जर किंवा तत्सम यंत्राच्या थेट मेनशी जोडलेल्या भागाला ती लावली तर स्फोट होतो. तो टाळण्यासाठी आपल्याकडे काही जण स्कोपच्या प्लगची अर्थची पिन कापतात. मग स्फोट होत नाही, पण स्कोपचा धातूचा सांगाडाच जिवंत होतो आणि माणूस मरतो. अशा जागी डिफरन्शियल प्रोब वापरावा. तो दोन बिंदूंतला फरक मोजतो, ग्राउंड मागत नाही. तो नसेल तर मोजू नये.

स्पर्शाविना

कोअॅक्सियल तारेचेच बोटाच्या पेराएवढे वेटोळे करून स्कोपला जोडले आणि बोर्डवरून फिरवले, तर कुठेही न टेकता जवळचे चुंबकीय क्षेत्र ऐकू येते. त्याने व्होल्ट नेमके कळत नाहीत, पण गोंगाट कोणत्या कोपऱ्यातून येतो ते कळते. डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपसारखा त्याचा उपयोग. बोर्डवरचे असे भटके क्षेत्र ही केवळ आपल्या टेबलावरची बाब नाही. नारायणगावजवळ खोडद इथली जीएमआरटी दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची, साधारण १५० ते १४५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात आकाश ऐकते. आपल्या बोर्डांवरच्या कडा नेमक्या याच पट्ट्यात बडबडतात. दूरच्या आकाशगंगेची कुजबुज ऐकणाऱ्याला जवळच्या यंत्राची बडबड नकोशी वाटते, यात नवल नाही.

आधी स्वतःला मोजणे

आता माझ्या टेबलावर काही नियम आहेत. पहिला: कोणत्याही संकेतावर मत देण्याआधी टीप त्याच्याच ग्राउंडला टेकवायची. रेघ सपाट नसेल तर जेवढी थरथर दिसते तेवढी माझी. दुसरा: ग्राउंडची वाट आखूड करून पुन्हा मोजायचे. चित्र बदलले तर आधीचे चित्र बोर्डचे नव्हते. तिसरा: त्याच जागी तसाच दुसरा प्रोब लावायचा आणि पहिल्यावरचे चित्र बदलते का ते पाहायचे. बदलले तर पहिल्यानेही तेवढाच बदल केला असणार. चौथा: प्रोबवरचा हात पुढे-मागे सरकवायचा. हाताबरोबर रेघ हलली तर हातही मंडलात आहे. हे सगळे करायला दोन मिनिटे लागतात. त्या दिवशी भोसरीत मी ती दोन मिनिटे दिली नव्हती.

त्या मुलाचा पत्ता शोधून मी त्याला भेटायला गेलो. तो नाशिककडे एका कारखान्यात देखभाल विभागात होता. आराखड्यांचे काम सोडून दिले होते. मी स्कोप, ते पहिले बोर्ड आणि स्प्रिंग बरोबर नेली होती. त्याच्या खोलीत, स्टूलावर बोर्ड ठेवून, आधी काळ्या तारेने आणि मग स्प्रिंगने मोजून दाखवले. दोन्ही चित्रे त्याने बराच वेळ पाहिली. मी म्हणालो, “चूक माझी होती. तुझ्या बोर्डात काही नव्हतं.”

तो म्हणाला, “काका, मला तेव्हाच वाटलं होतं की तार फार लांब आहे.”

“मग बोलला का नाहीस?”

“पडद्यावर दिसत होतं ना. आणि स्कोप तुमचा होता.”

मी मालकांना पत्र लिहून सगळे कळवले. त्यांचे उत्तर आले नाही. निघताना त्याने स्प्रिंग हातात घेऊन विचारले, ही कुठे मिळते. मी ती त्याच्याकडेच ठेवली. तेव्हापासून कोणाचेही बोर्ड तपासायला घेतले, की ज्याने ते केले त्याला शेजारी बसवतो आणि पहिल्यांदा प्रोब त्याच्या हातात देतो.